‘यू रिअली गॉट मी’चा सोलो नक्की कोणाचा? असे वाद तपासायचे कसे

लंडनच्या किंक्स या बँडचं ‘यू रिअली गॉट मी’ ४ ऑगस्ट १९६४ ला बाजारात आलं आणि पुढच्याच महिन्यात ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं. गाणं जेमतेम सव्वादोन मिनिटांचं. मधोमध काही सेकंदांचा गिटार सोलो: खरखरीत, धसमुसळा, कुठेकुठे तालाच्या पुढे धावणारा. तो वाजवला कोणी, यावरून तेव्हापासून भांडणं चालू आहेत. एक पक्ष म्हणतो, बँडचाच गिटारवादक डेव्ह डेव्हिस, जो तेव्हा सतरा वर्षांचा होता. दुसरा म्हणतो, जिमी पेज. पेज तेव्हा विशीतला सेशन म्युझिशियन होता, म्हणजे बोलावलं की स्टुडिओत जायचं, वाजवायचं, पैसे घ्यायचे आणि निघायचं. ज्या बँडने त्याला पुढे मोठं नाव दिलं, ते लेड झेपलिन अजून चार वर्षं लांब होतं.

उत्तर आधीच सांगून टाकू: सोलो डेव्हचा आहे. हे कशावरून म्हणायचं, हा खरा विषय. कारण रॉकमधले असे वाद बहुतेक वेळा एकाच ठिकाणी फसतात. तीन वेगळे प्रश्न एकात कालवले जातात. तो माणूस त्या स्टुडिओत येत होता का? त्याने त्या रेकॉर्डवर काही वाजवलं का? आणि हा सोलो, याच टेकमधला (म्हणजे एका दमात झालेल्या याच रेकॉर्डिंगमधला), त्याने वाजवला का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ मिळालं की लोक थेट तिसऱ्यावर उडी मारतात.

अफवेला आधार होता

पेजचं नाव कोणी हवेतून काढलेलं नाही. किंक्सचे निर्माते शेल टाल्मी अमेरिकन होते आणि स्टुडिओचा वेळ वाया गेलेला त्यांना खपत नसे. लंडनमधलं सेशन साधारण तीन तासांचं असायचं. तेवढ्यात दोन-तीन गाणी उरकायची, तर नवख्या पोरांच्या भरवशावर राहणं परवडत नाही. म्हणून निर्माते एखादा पक्का वादक जवळ ठेवत. ‘यू रिअली गॉट मी’वर ड्रम्स वाजवले बॉबी ग्रॅहम यांनी, तेही सेशनवालेच. बँडचा स्वतःचा ड्रमर मिक एव्हरी त्या रेकॉर्डवर टॅम्बुरिन वाजवतोय.

पेजही किंक्सच्या रेकॉर्डवर आहेच, फक्त दुसरीकडे. ऑक्टोबर १९६४ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला. त्यातल्या काही गाण्यांत पेजने रिदम आणि बारा तारांची गिटार वाजवली आहे. गाताना बँडचा गायक, डेव्हचा भाऊ रे डेव्हिस, याचे हात मोकळे राहावेत म्हणून पेजला बोलावलं, असं टाल्मी सांगत. तेव्हा ‘पेज किंक्सच्या रेकॉर्डवर वाजला’ हे वाक्य खरंच आहे. पुढे १९६९ पासून पेज मोठा झाला आणि त्या वाक्याला शेपूट फुटलं.

याच टाल्मींनी त्याच वर्षाच्या अखेरीस द हू या बँडचं ‘आय कान्ट एक्स्प्लेन’ रेकॉर्ड केलं. तिथेही पेज हजर होता. त्याने रिदम वाजवली, सोलो मात्र पीट टाउनशेंडचाच राहिला. निर्मात्याची ही सवय माहीत असली की किंक्सचं प्रकरण फारसं गूढ वाटत नाही.

आपल्याकडे मुंबईच्या फिल्मी स्टुडिओंत याहून वेगळं काही चालत नव्हतं. गोव्याहून आलेल्या कितीतरी वादकांची आणि अरेंजरची नावं तबकडीवर कधी छापलीच गेली नाहीत. ‘दम मारो दम’ची गिटार भूपिंदर सिंग यांची आहे, हे त्यांना फक्त गझल गायक म्हणून ओळखणाऱ्यांना अजूनही खरं वाटत नाही.

त्या टेकमध्ये कोण होतं

गाणं एकदा जूनमध्ये पाय कंपनीच्या स्टुडिओत रेकॉर्ड झालं होतं. ते संथ होतं, ब्लूजच्या अंगाने जाणारं, आणि त्यावर प्रतिध्वनीचा थर होता. रेला ते अजिबात पटलं नाही. स्टेजवर जे दणकून वाजतं ते इथे मेलंय, असं त्याचं म्हणणं. भांडून त्याने परत रेकॉर्डिंग मिळवलं. जुलैत, पोर्टलंड प्लेसवरच्या आयबीसी स्टुडिओत. आपण ऐकतो ते हेच.

त्या दिवशी रे गायला आणि त्याने रिदम गिटार वाजवली, डेव्ह लीडवर, पीट क्वेफ बासवर, ड्रम्सवर ग्रॅहम, टॅम्बुरिनवर एव्हरी. पियानोवर आर्थर ग्रीनस्लेड, असं बहुतेक नोंदी सांगतात. गंमत म्हणजे डीप पर्पल या रॉक बँडचे जॉन लॉर्ड यांनीही पुढे सांगितलं की पियानो आपण वाजवला, आणि ते काम काही अवघड नव्हतं. एका साध्या पियानोला दोन दावेदार! स्टुडिओतली आठवण किती भरवशाची, ते एवढ्यावरून कळावं. लॉर्ड खोटं बोलत होते असं मानायचं कारण नाही. आठवड्याला डझनभर सेशन करणाऱ्या माणसाच्या डोक्यात वीस वर्षांनी गाणी एकमेकांत मिसळतात, एवढंच.

डेव्हच्या सोलोबद्दल रेने सांगितलेली आठवण मात्र वेगळ्या जातीची आहे. सोलोच्या आधी ड्रम्सचा छोटा तुकडा येतो. तो चालू असताना रे पलीकडून ओरडून उत्साह देत होता, त्याने डेव्हचं लक्ष उडालं आणि त्याने रेला शिवी हासडली. टेक चांगला गेला म्हणून ठेवला. मग गाणं भरताना रेने त्या जागेवर ‘ओ नो’ असं ओरडून शिवी झाकली.  याला महत्त्व का? कारण ही आठवण रेकॉर्डवरच्या एका ठरावीक जागेला बांधलेली आहे. सोलो सुरू होण्याआधीची ती हाळी कोणालाही ऐकता येते. ‘मी तिथे होतो’ या मोघम दाव्यापेक्षा असा दावा तपासायला सोपा, म्हणून वजनदार.

आता दुसरी बाजू. पेजने स्वतः हा सोलो वाजवल्याचं नाकारलं आहे. टाल्मींनीही नाकारलं. साक्षीदार स्वतःच्या फायद्याविरुद्ध बोलतो तेव्हा त्याला जास्त गुण द्यायचे. रॉक इतिहासातल्या एवढ्या गाजलेल्या सोलोचं श्रेय फुकट मिळत असताना नको म्हणणारा माणूस बहुधा खरंच बोलत असतो.

तो फाटका आवाज

वादात नेहमी येणारा मुद्दा: ‘असा आवाज १९६४ मध्ये एका पोराला सुचणंच शक्य नाही.’ हा आवाज कसा निघाला ते सविस्तर माहीत आहे, आणि ती कृती अगदी पोराटकीच आहे.

डेव्हकडे एल्पिको कंपनीचा छोटा हिरवा अ‍ॅम्प होता. त्याच्या स्पीकरचा कागदी कोन त्याने दाढीच्या ब्लेडने चिरला. अ‍ॅम्पचा सिग्नल कोनाला पुढे-मागे ढकलतो. कोन अखंड असेल तर सगळा एकसंध हलतो. चिरलेला असेल तर जोराच्या सिग्नलला चिरेच्या कडा वेगळ्या फडफडतात आणि मूळ सुरात नसलेले वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले सूर) तयार होतात. त्यालाच आपण खरखर म्हणतो. हळू वाजवलं तर फारसं काही होत नाही, जोरात छेडलं की फाटतं. हा छोटा अ‍ॅम्प पुढे व्हॉक्स एसी-३० या मोठ्या अ‍ॅम्पला जोडलेला होता, म्हणजे एका फाटक्या आवाजाला दुसऱ्याने आणखी ताणायचं.

घरी करून बघायची हुक्की आली तर दोन गोष्टी. वॉल्व्हवर (काचेच्या नळ्यांवर) चालणाऱ्या अ‍ॅम्पचा स्पीकर काढून तो चालू करू नका. आउटपुटला भार नसेल तर ट्रान्सफॉर्मर जळतो. आणि एका अ‍ॅम्पच्या स्पीकरची तार सरळ दुसऱ्याच्या इनपुटला लावू नका. त्या तारेवरचा व्होल्टेज गिटारच्या सिग्नलपेक्षा कित्येक पटींनी मोठा असतो. मध्ये लाइन आउटची किंवा अटेन्युएटरची (सिग्नल कमी करणाऱ्या उपकरणाची) सोय हवी.

पुरावा म्हणून या आवाजाची किंमत निम्मी. अ‍ॅम्प डेव्हचा होता, म्हणून हात डेव्हचाच असं सिद्ध होत नाही. त्याच अ‍ॅम्पला दुसऱ्याची गिटार लागू शकते. आवाज फक्त एवढं सांगतो की बाहेरून आलेल्या माणसाने आपलं सामान लावून वाजवलेलं हे नाही. पेज तेव्हा तीन पिकअपची काळी लेस पॉल कस्टम वाजवायचा, डेव्हकडे हार्मनी कंपनीची पोकळ अंगाची मेटिओर. पण एवढ्या फाटलेल्या आवाजातून गिटारचं मॉडेल ओळखल्याचा दावा कोणी केला तर तो गांभीर्याने घेऊ नये.

हात ओळखायचा कसा

गिटारवादकाची ओळख तीन-चार ठिकाणी पक्की होते: तार ओढून सूर किती चढवतो, धरलेल्या सुरावर व्हायब्रॅटो (सुराचा हेलकावा) किती वेगाचा, पिक (तार छेडायची चकती) तारेवर कसा आदळतो, आणि तालाच्या पुढे वाजवतो की मागे. वेग किंवा अवघडपणा यात येत नाही. ‘इतकं चांगलं वाजवणारा तो नव्हताच’ हा युक्तिवाद सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात कुचकामी. किंक्सच्या बाबतीत तर तो उलटाच पडतो. हा सोलो पेजच्या त्या काळच्या सेशन कामापेक्षा ओबडधोबड आहे. सेशनवाल्याला असं वाजवायचे पैसे कोणी देत नसे.

तपासायचं तर आधी नमुने नीट निवडा. दोन्ही दावेदारांचे वादातीत असे तीन-तीन सोलो घ्या, शक्यतो त्याच वर्षातले. माणसाचा हात पाच वर्षांत बदलतो, त्यामुळे १९७१ चा पेज १९६४ च्या प्रश्नाला लावून उपयोग नाही. डेव्हच्या बाजूने ‘ऑल डे अँड ऑल ऑफ द नाइट’ आहे, त्याच वर्षी ऑक्टोबरात आलेलं. तिथेही तोच प्रकार: एकच सूर भराभर ठोकत नेणं, पिकचे असमान फटके, आणि ओळ संपायच्या आत पुढच्या ओळीत घुसणं.

मग टेपचा वेग. त्या काळी मास्टर करताना टेप थोडी पुढे-मागे पळवणं नेहमीचं होतं. अर्धा सूर चढायला वेग सुमारे ६ टक्के वाढवावा लागतो, म्हणजे दोन मिनिटांचं गाणं सात-एक सेकंदांनी आखडतं. वेग बदलला की व्हायब्रॅटोही तेवढाच बदलतो. म्हणून आधी गाण्यातला पियानो कुठल्या पट्टीत बसतो ते बघा आणि मगच मोजायला लागा.

मोजायला सॉनिक व्हिज्युअलायझर हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. त्यात स्पेक्ट्रोग्रामची (वेळेनुसार सूर दाखवणाऱ्या चित्राची) खिडकी, म्हणजे एका वेळी तपासायचा आवाजाचा तुकडा, किती लांब ठेवायची इथेच बहुतेक जण चुकतात. ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइलवर १,०२४ नमुन्यांची खिडकी म्हणजे २३ मिलिसेकंद. पिकचा फटका कधी पडला ते त्यात स्वच्छ दिसतं, सूर मात्र धूसर. ४,०९६ ची खिडकी ९३ मिलिसेकंदांची, ती व्हायब्रॅटोला योग्य. सेकंदाला सहा हेलकाव्यांचा व्हायब्रॅटो असेल तर एक हेलकावा १६७ मिलिसेकंदांचा, तो या खिडकीत पकडता येतो. हाव करून १६,३८४ ची घेतली की ती ३७० मिलिसेकंदांवर जाते, दोन हेलकावे एकत्र लेपले जातात आणि व्हायब्रॅटो नाहीच असं चित्र दिसतं.

ओढलेल्या तारेचं आणखी एक. समजा सूर ३९२ हर्ट्झच्या जी पर्यंत चढवायचा होता आणि वादक सवयीने २० सेंट (अर्ध्या सुराचा पाचवा भाग) खाली थांबतो. फरक फक्त साडेचार हर्ट्झचा. ४,०९६ च्या खिडकीत एक घर (मोजणीची एक पायरी) जवळपास ११ हर्ट्झचं असतं, त्यामुळे मूळ सुरावर हा फरक दिसणारच नाही. तिसऱ्या हार्मोनिकवर मोजा. तिथे फरक तिप्पट, साडेतेरा हर्ट्झ, आणि फाटक्या आवाजात वरचे हार्मोनिक्स जोरदार असल्यामुळे रेष ठळक मिळते.

हल्ली एआयने गाण्यातून गिटार वेगळी काढून ऐकवायची लाट आहे. सूर ओळखायला ती ठीक. पिकच्या फटक्यासाठी तिच्यावर विसंबू नका, कारण झांजेचा आणि टॅम्बुरिनचा आवाज त्याच वरच्या पट्ट्यात असतो आणि वेगळा करताना फटक्याची कड खाल्ली जाते. ‘यू रिअली गॉट मी’ मुळात मोनो आहे, म्हणजे डावं-उजवं बघून वाद्य वेगळं करायची सोयही नाही. आणि जुन्या टीव्ही कार्यक्रमांची चित्रफीत पुरावा म्हणून आणाल तर एक लक्षात असू द्या: त्यातल्या बऱ्याचशा कार्यक्रमांत मागे रेकॉर्ड लावून बँड नुसता हात हलवत असे.

कागद काय सांगतो, काय नाही

टेपच्या डब्यावरची नोंद, कोणत्या ट्रॅकवर काय आहे त्याचा तक्ता आणि संघटनेचा करार, या क्रमाने कागद शोधायचा. अमेरिकेत वादकांच्या संघटनेच्या करारात नावं, तास आणि मोबदला असतो, सेशनच्या म्होरक्याला दुप्पट दर. पण एका तीन तासांच्या करारात अनेक गाणी बसतात. नाव सापडलं म्हणजे तो माणूस त्या दिवशी आला होता, इतकंच कळतं. सोलो कुठल्या गाण्यात, ते नाही.

कव्हरवरची नावं तर याहून कच्ची. बीटल्सच्या ‘व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स’वर सोलो एरिक क्लॅप्टनचा, ६ सप्टेंबर १९६८ ला वाजवलेला, आणि अल्बमवर त्याचं नाव नाही. परतफेड म्हणून बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन क्लॅप्टनच्या क्रीम या बँडच्या ‘बॅज’वर वाजला तेव्हा कंपन्यांच्या करारामुळे त्याचं नाव पडलं ‘लँजेलो मिस्टेरिओसो’. बीटल्सच्या गाण्यातली आपली गिटार मात्र क्लॅप्टनला फारच क्लॅप्टनसारखी वाटत होती. म्हणून मिक्स करताना निर्मात्यांचे मदतनीस क्रिस थॉमस यांनी टेपच्या वेगाशी खेळून तिला हेलकावे दिले. ते हेलकावे मोजून कोणी क्लॅप्टनचा व्हायब्रॅटो ठरवायला बसला, तर तो एका यंत्राची मोजणी करत असेल.

बीटल्सचंच ‘टॅक्समन’ त्याहून मजेदार. गाणं हॅरिसनचं, गिटारवादक हॅरिसन, आणि १९६६ च्या त्या रेकॉर्डवर सोलो पॉल मॅकार्टनीचा. हे हॅरिसनने स्वतःच सांगितलं, आणि पॉलने त्यात थोडा भारतीय ढंग घातला म्हणून आनंदही व्यक्त केला. गाण्याच्या शेवटी विरत जाताना येतो तो सोलो वेगळा वाजवलेला नाही, मधल्याचीच प्रत तिथे जोडली आहे. दोन सोलो दोन माणसांचे, असा तर्क लढवणाऱ्यांनी ते दोन्ही एकावर एक ठेवून पाहावेत.

मायकल जॅक्सनच्या ‘बीट इट’मध्ये उलटा घोळ होतो. सोलो एडी व्हॅन हॅलनचा, अल्बमवर तसं छापलेलंही आहे. पण सगळी गिटार त्याचीच समजून लोक सुरुवातीच्या रिफचं (पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्याचं) श्रेयही त्यालाच देतात. ती वाजवली स्टीव्ह लुकाथरने.

कधीकधी अफवा खरीही ठरते. एरोस्मिथ या बँडचं ‘ट्रेन केप्ट अ-रोलिन’, १९७४. वर्षानुवर्षं लोक ते सोलो बँडचे गिटारवादक जो पेरी आणि ब्रॅड व्हिटफर्ड यांचे समजून शिकत राहिले, आणि दोघे स्टेजवर ते रोज वाजवतही होते. रेकॉर्डवर मात्र पहिल्या भागातले सोलो स्टीव्ह हंटरचे आणि उत्तरार्धातले डिक वॅग्नरचे. उत्तरार्धात प्रेक्षकांचा जो गलका ऐकू येतो, तोही नंतर वरून भरलेला.